‘ही जर्सी माझीच’: खेळाडूच्या शब्दावर किती विसंबायचं?

एखादा नामवंत खेळाडू जुनी जर्सी हातात घेतो आणि सांगतो, "हो, त्या सामन्यात मी हीच घातली होती." आता याच्यापुढे आणखी कसला पुरावा हवा? ज्याच्या अंगावर ती होती, तोच सांगतोय. लिलावात बोली लावणाऱ्याला हे वाक्य सोन्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही वाटतं. प्रत्यक्ष साक्षीदार सापडला की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो आणि वही मिटतो.

या लेखात मी जर्सी, हेल्मेट, टोप्या यांच्याबद्दल बोलणार आहे. पण वाचताना तुमच्या डोक्यात तुमचा विषय असू द्या. मुलाखती घ्यायला बाहेर पडलात की तुम्हालाही असा ‘खेळाडू’ भेटणार आहे: संपात उतरलेला कामगार, मोर्चात पुढे चाललेली बाई, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला विंगेत उभा असलेला माणूस. तो म्हणेल, "अहो, मी होतो ना तिथं!" त्याच्या शब्दाचं नेमकं काय करायचं, हे शिकायला खेळातल्या वस्तू फार उपयोगी पडतात. कारण इथं साक्ष एका बाजूला आणि वस्तू दुसऱ्या बाजूला ठेवून अगदी शिवणीच्या टाक्यापर्यंत ताडून बघता येतं.

एक सामना, दोन शर्ट

२२ जून १९८६. मेक्सिको सिटीचं आझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. दिएगो माराडोनानं उत्तरार्धात चार मिनिटांच्या अंतरानं दोन गोल केले. पहिला हातानं ढकललेला, जो ‘देवाचा हात’ म्हणून गाजला. दुसरा अर्ध्या मैदानापासून इंग्लंडच्या खेळाडूंना चुकवत नेलेला. अर्जेंटिना २-१ असा जिंकला आणि सामन्यानंतर इंग्लंडचा मिडफिल्डर स्टीव्ह हॉज यानं माराडोनाशी शर्टांची अदलाबदल केली. पुढे सुमारे वीस वर्षं तो शर्ट इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिलेला होता.

२०२२ मध्ये सदबीज् या लिलावसंस्थेनं तो विक्रीला काढला. तोवर माराडोना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. त्याची मुलगी दाल्मा हिनं जाहीरपणे सांगितलं की हा तो शर्ट नव्हेच. तिचं म्हणणं असं, की हॉजकडे आहे तो पूर्वार्धातला शर्ट. गोल झाले उत्तरार्धात, म्हणजे गोलांचा शर्ट वेगळा. तिच्या सांगण्यामागे वडिलांचे शब्द होते.

आता समजा निवाडा तुम्ही करायचाय. एका बाजूला ज्यानं शर्ट घातला त्याचा शब्द, तोही मुलीमार्फत आलेला. दुसऱ्या बाजूला ज्यानं शर्ट घेतला त्याचा शब्द. त्या दिवशी दोघेही मैदानावर होते. हॉजला पैसे मिळणार होते, म्हणून त्याच्यावर संशय घेणं सोपं. मुलीला या विक्रीतून काही मिळणार नव्हतं, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवणं सोपं. माणसं तोलून निर्णय घ्यायचा तर आपण बहुधा मुलीच्या बाजूनं झुकू.

पण उत्तर माणसांत नव्हतं, शर्टात होतं. या शर्टांची कथाच वेगळी आहे. मेक्सिकोतल्या दुपारच्या उन्हात जाड सुती शर्ट जड होतात, म्हणून प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो यांना हलके निळे शर्ट हवे होते. वेळ नव्हता. संघाच्या माणसांनी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून शर्ट आणले, त्यांवर घाईघाईत संघाचे बिल्ले हातानं शिवले आणि चंदेरी आकडे इस्त्रीनं चिकटवले. घाईतलं हातकाम असल्यामुळे बिल्ला कुठं तिरका, आकडा पट्ट्यांवर नेमका कुठं बसलाय, हे प्रत्येक शर्टागणिक वेगळं झालं. सामन्याच्या फोटोंशी हे तपशील ताडून बघता येतात. याला बाजारात ‘फोटोमॅचिंग’ म्हणतात. तज्ज्ञांनी ते केलं आणि निष्कर्ष निघाला की हॉजचा शर्ट उत्तरार्धातलाच, म्हणजे दोन्ही गोलांचा. मे २०२२ मध्ये तो ७१ लाख ४२ हजार ५०० पौंडांना विकला गेला. तोवर खेळाशी संबंधित कुठल्याही वस्तूला लिलावात एवढी किंमत आलेली नव्हती.

आता बारकावा बघा. माराडोनानं मध्यंतरात शर्ट बदलला होता, हे खरंच आहे. सदबीज् नंही ते मान्य केलं. म्हणजे मुलीच्या सांगण्यातला अर्धा भाग बरोबर होता. चूक एवढीच होती, की दोन शर्टांपैकी कुठला कुणाकडे गेला. तुमच्या मुलाखतींतही बहुतेक वेळा असंच होणार आहे. साक्ष सबंध खोटी किंवा सबंध खरी अशी क्वचितच निघते. तिचे तुकडे करावे लागतात आणि एकेक तुकडा वेगळा तपासावा लागतो.

डिसेंबरातला बेसबॉल

"पण एवढ्या मोठ्या दिवसाची आठवण माणूस कशी विसरेल?" हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच. त्यासाठी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा.

उल्रिक नाइसर हे स्मृतीवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा ते तेरा वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते. त्यांना लख्ख आठवायचं: आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि मध्येच बातमी आली. ही आठवण त्यांनी अनेक वर्षं बाळगली. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉल खेळलाच जात नाही! पुढे दुसऱ्या दोन संशोधकांनी सुचवलं की तो अमेरिकन फुटबॉलचा सामना असावा. त्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स असा फुटबॉल सामना होता, आणि ही दोन्ही नावं बेसबॉल संघांचीही होती. म्हणजे आठवणीचा गाभा टिकला, लेबल बदललं.

याच नाइसर यांनी निकोल हार्श यांच्यासोबत पुढे एक अभ्यास केला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून ‘तुम्हाला बातमी कशी कळली’ हे लिहून घेतलं आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. मुख्य तपशील पूर्ण जुळले फक्त ३ जणांचे. ११ जणांचा एकही जुळला नाही. आणि गंमत अशी, की चुकणाऱ्यांतही अनेक जण आपल्या आठवणीबद्दल ठाम होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

आता हे खेळाडूला लावून बघा. तो हंगामात कितीतरी सामने खेळतो. त्याच्या जर्सीचे अनेक जोड असतात, बॅटी मोडतात, हेल्मेटं बदलतात. कपाटात काय टांगायचं, कुठलं धुवायला टाकायचं, हे किट सांभाळणारा माणूस बघतो. काही जर्सी तर खेळाडूच्या नावानं काढल्या जातात, पण मैदानावर कधी जातच नाहीत. त्याला गोल आठवतो, धाव आठवते, गर्दीचा आवाज आठवतो. ‘त्या दिवशी उजव्या बाहीची शिवण उसवली होती का?’ हे त्याला का आठवावं? त्याचं लक्ष चेंडूवर होतं. तीस वर्षांनी कुणीतरी जर्सी समोर धरतो, तेव्हा त्याला दिसतो आपला नंबर आणि आपलं नाव. ओळख पटल्याची भावना खरी असते, पण ती जर्सीच्या नमुन्याची ओळख असते. नेमक्या त्या एका कापडाची असेलच असं नाही.

शब्दाला किंमत असते तेव्हा

आतापर्यंत प्रामाणिक चुकीबद्दल बोललो. पण शब्दाचे पैसे मिळत असतील तर?

न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग याच्यावर, संघावर आणि स्मृतिवस्तू विकणाऱ्या एका कंपनीवर २०१४ मध्ये संग्राहकांनी दावा लावला. आरोप असा, की सामन्यात न वापरलेली हेल्मेटं ‘सामन्यात वापरलेली’ म्हणून बाजारात गेली. २०१७ मध्ये एक जुना ईमेल न्यायालयापुढे आला. २०१० साली मॅनिंगनं संघाच्या साहित्य-व्यवस्थापकाला लिहिलं होतं, की सामन्यात वापरलेली म्हणून चालतील अशी दोन हेल्मेटं हवीत. दावा लावणाऱ्यांच्या मते हा सरळ कबुलीजबाब होता. मॅनिंगचं म्हणणं, की आपण कधीच खोटा माल बनवायला सांगितलं नाही आणि त्या ओळीचा भलताच अर्थ काढला जातोय. मे २०१८ मध्ये, खटला उभा राहायच्या आधी, तडजोड झाली. कुणाचं बरोबर हे न्यायालयानं ठरवलंच नाही. तेव्हा आपणही ठरवायचं नाही.

संशोधक म्हणून यातून दोन गोष्टी उचला. पहिली: हितसंबंध हा खोटेपणाचा पुरावा नसतो. हॉजच्या उदाहरणात पैसे मिळणाऱ्याचंच म्हणणं खरं निघालं. हितसंबंध दिसला, तर तपासणी जास्त कडक करायची, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट कागदाबद्दल. आपल्याकडे राजवाड्यांपासून शिकवण आहे, की बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ. शिकवण योग्यच आहे. पण हा ईमेल अस्सल होता, समकालीन होता, खुद्द खेळाडूनं लिहिलेला होता, तरी एका ओळीचे दोन अर्थ निघाले. कागद मिळाला म्हणजे वाचनाचं काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

आणि हा काही फक्त श्रीमंत संग्राहकांच्या पैशांचा प्रश्न नाही. त्या दाव्यातला एक आरोप असा होता, की अमेरिकेच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये मांडलेलं एक हेल्मेटही खरं नाही. तो आरोपही सिद्ध झाला नाही. पण कल्पना करा: संग्रहालयाच्या काचेमागे एक वस्तू, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर सामन्याची तारीख. पन्नास वर्षांनी तुमच्यासारखा कुणी विद्यार्थी ती चिठ्ठी साधन म्हणून वापरणार. चिठ्ठीमागे फक्त कुणाचा तरी शब्द असेल आणि तो कुणीच तपासला नसेल, तर चूक पुढच्या सगळ्या तळटीपांत पसरत जाईल.

‘पाहिलं असेल तरच’

मेजर लीग बेसबॉलनं या प्रश्नावर एक सरळ उपाय काढला. १९९० च्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात खोट्या सह्यांचा मोठा धंदा उघडकीला आणला होता. त्यानंतर २००१ पासून लीगनं स्वतःची प्रमाणन पद्धत सुरू केली. सामन्याला लीगचा प्रमाणक हजर असतो. यांतले बरेच जण पोलीस किंवा तत्सम सेवेतले निवृत्त लोक असतात. वस्तू मैदानावरून त्याच्या डोळ्यांदेखत आली, तरच तो तिच्यावर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवतो.

होमरनचा चेंडू प्रेक्षकांत गेला की त्याच्या नजरेची साखळी तुटते. मग तो चेंडू कितीही खरा असला तरी साध्या नियमानं त्यावर शिक्का बसत नाही. म्हणून मोठा विक्रम जवळ आला की आधीच खुणा केलेले चेंडू खेळात आणतात. २०२२ मध्ये अ‍ॅरन जज ६२व्या होमरनकडे जात होता तेव्हा असंच केलं गेलं.

या पद्धतीत मला आवडते ती तिची नम्रता. प्रमाणक कुणालाही खोटारडा म्हणत नाही. तो इतकंच म्हणतो, ‘मी पाहिलं नाही, म्हणून मी सांगू शकत नाही.’ संशोधनातलं हे फार अवघड वाक्य आहे.

मग खेळाडूचं ऐकायचंच नाही का?

ऐकायचं! फक्त कुठल्या प्रश्नावर, ते बघून.

याच बेसबॉलमधलं उदाहरण घ्या. सॅन दिएगो पाद्रेसचा टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या असलेला माल दिसला. ही सही आपण केलेली नाही, हे त्यानं ओळखलं. इथं त्याचा शब्द वजनदार आहे, कारण सही हे त्याच्या स्वतःच्या हाताचं, रोजच्या सवयीचं काम आहे.

दुसरं उदाहरण क्रिकेटचं. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांतल्या पीडितांसाठी शेन वॉर्ननं जानेवारी २०२० मध्ये आपली कसोटीची हिरवी टोपी लिलावात दिली. तिला १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर आले. ती टोपी त्याची स्वतःची होती आणि त्यानंच विकायला काढली. मालक बदललाच नव्हता, त्यामुळे ‘ही माझी टोपी’ या वाक्यात मोडायला जागा फारशी नव्हती. पण त्यानंच जर सांगितलं असतं, की अमुक कसोटीत अमुक दिवशी ही डोक्यावर होती, तर फोटो बघावेच लागले असते. माणूस एकच, वस्तू एकच, पण एका प्रश्नाला त्याचा शब्द पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही.

बेब रूथचा हात

आता उलट बाजू. वस्तू बोलते, पण सगळं बोलत नाही.

१ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. यँकीजचा बेब रूथ बॅटिंगला आला, त्यानं हातानं कुठंतरी इशारा केला आणि पिचर चार्ली रूट याच्या चेंडूवर होमरन मारला. दंतकथा अशी, की ‘तिकडे मारतो’ असं त्यानं आधीच दाखवलं. रूथनं स्वतः याबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. सुरुवातीला त्याचं बोलणं सावध होतं, पुढे कथा रंगत गेली. रूट शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. एका प्रेक्षकानं घेतलेली हौशी फिल्म बऱ्याच वर्षांनी पुढे आली, तिच्यात हात वर गेलेला दिसतो. पण तो मैदानापलीकडे रोखलाय, पिचरकडे की समोरून चिडवणाऱ्या खेळाडूंकडे, हे तिच्यावरून ठरत नाही.

त्या सामन्यात रूथच्या अंगावर असलेली म्हणून फोटोंशी जुळवलेली जर्सी ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. फोटो फार तर इतकंच सांगतात, की ही जर्सी तिथं होती. रूथनं खरंच ‘दाखवून’ मारलं का, हे जर्सी सांगू शकत नाही. किंमत मात्र त्या कथेचीच मोजली गेली.

मग रूथची बदलत गेलेली साक्ष टाकाऊ का? इथं तुम्ही अलेस्सांद्रो पोर्तेल्ली वाचलाच पाहिजे. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद-कामगार मार्च १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. पण नंतर शहरातले अनेक कामगार हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्यात झाला असं सांगायचे. पोर्तेल्ली म्हणतो, तारीख चुकली हे नोंदवा, पण का चुकली तेही विचारा. लोकांना आपल्या माणसाचं मरण आपल्या सर्वांत मोठ्या लढ्यात हवं होतं. तसंच रूथची साक्ष १९३२ च्या त्या क्षणाबद्दल कमी सांगते, आणि नायकाकडून लोकांना काय ऐकायचं होतं याबद्दल जास्त.

तुमच्या वहीसाठी

मुलाखतीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला हे चार प्रश्न विचारा:

१. हे त्याला कसं माहीत? पाहिलं, ऐकलं, की ‘तसंच असणार’ असा अंदाज?
२. घटना आणि सांगणं यांत किती काळ गेला, आणि मधे ही गोष्ट त्यानं किती वेळा सांगितली असेल?
३. वस्तू किंवा कागद त्या दिवसापासून आजपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेला? साखळी कुठं तुटते?
४. त्याच्या शब्दाशिवाय, स्वतंत्रपणे ताडून बघता येईल असं काय शिल्लक आहे: फोटो, हजेरीपट, त्या दिवशीचं वर्तमानपत्र, वस्तूवरची खूण?

आणि हे करताना समोरच्याची उलटतपासणी घेऊ नका. आजोबांना "तुमचं चुकतंय" म्हणून सांगायला तुम्ही गेलेला नाही. त्यांनी सांगितलं तसं शब्दशः उतरवा, तुमचा पडताळा शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा, आणि दोन्ही जपून ठेवा. एक पुसून दुसरं लिहिलंत, तर पुढच्या संशोधकाला फक्त तुमचा शब्द उरेल.

सुरुवात छोटी करा. हाताशी असलेली कुठलीही एक मुलाखत घ्या आणि तिच्या पहिल्या दोन पानांवर प्रत्येक वाक्याशेजारी ‘पा’, ‘ऐ’ किंवा ‘अं’ लिहा: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाजाचं. जिथं अक्षर ठरवता येत नाही, तिथं प्रश्नचिन्ह टाका. पुढच्या भेटीला काय विचारायचं, याची यादी त्या प्रश्नचिन्हांमधून आपोआप तयार होईल.